कामावर हात गेला तर

नवी दिल्ली स्थानकाच्या एक नंबर फलाटाकडून बाहेर पडलं की समोर पहाडगंज. दिल्लीतल्या मराठी माणसाला हा भाग नूतन मराठी विद्यालयामुळे आणि बृहन्महाराष्ट्र भवनामुळे ओळखीचा आहे, आणि प्रवाशांना मेन बाजारातल्या स्वस्त हॉटेलांमुळे. या हॉटेलांच्या तळघरांत आणि मागच्या बोळांत स्वयंपाकघरं आहेत, कणीक मळायची यंत्रं आहेत, चादरी धुण्या-इस्त्री करण्याच्या खोल्या आहेत. पलीकडे नबी करीममध्ये बॅगा शिवण्याचे, ठोकण्याचे छोटे कारखाने, मोतियाखानला लोखंडी सामानाची दुकानं. थोडं पुढे करोलबागेत सोन्याचांदीची गलाई, आणि त्या धंद्यात सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातली आपली कितीतरी माणसं. या सगळ्या कामांत हात यंत्राच्या, आचेच्या किंवा तेजाबाच्या अगदी जवळ असतो. पत्रा दाबणाऱ्या रोलरमध्ये बोटं जातात, प्रेसखाली पेर तुटतं, कणीक मळायच्या यंत्रात मनगट पिळवटतं.

हा लेख अशा कामगारासाठी आहे, आणि त्याहून जास्त त्याच्या चुलतभावासाठी, खोलीतल्या सोबत्यासाठी, शेजारच्या काकांसाठी आहे. कारण अपघात झाल्यावर ज्याचा हात गेला तो माणूस शुद्धीवर असला तरी भानावर नसतो. फोन दुसऱ्यालाच येतो, आणि पहिल्या दोन दिवसांतले सगळे निर्णय तो दुसराच घेतो. ते निर्णय बरोबर झाले तर त्या कुटुंबाचं पुढचं आयुष्य वेगळं होतं, हे मी ठामपणे सांगतो.

दोन गोष्टी आधीच मनात पक्क्या करा. एक, कामावर झालेल्या इजेची भरपाई हा हक्क आहे आणि त्यासाठी मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. दोन, तो हक्क मिळतो की बुडतो हे बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यात कागदावर काय लिहिलं गेलं यावर ठरतं.

पहिला तास

यंत्र बंद करा, वीज तोडा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने जखमेवर थेट दाबून धरा आणि हात छातीच्या वर उचलून ठेवा. सुतळी किंवा वायर करकचून बांधू नका. ज्या बोटांना वाचवायचं त्यांचाच रक्तपुरवठा त्याने तुटतो. अंगठी, कडं, घड्याळ लगेच काढा, सूज चढल्यावर ते निघत नाही. हळद, चुना, टूथपेस्ट, ग्रीस यातलं काहीही लावू नका. चहा-पाणीसुद्धा देऊ नका, कारण लगेच भूल द्यावी लागू शकते.

बोट तुटून वेगळं झालं असेल तर ते शोधा. यंत्राखाली, पत्र्याच्या तुकड्यांत, जिथे असेल तिथून काढा. स्वच्छ पाण्याने हलकेच धुवा, घासू नका. ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड घट्ट बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवलं तर पेशी गोठून मरतात आणि मग कुणीच ते जोडू शकत नाही. नीट थंड ठेवलेलं बोट बऱ्याच तासांनंतरही जोडता येऊ शकतं. मनगटापासून किंवा त्याच्या वरून हात तुटला असेल तर मात्र वेळ फार कमी असतो, कारण त्यात स्नायू असतात आणि ते रक्तावाचून लवकर मरतात. गलाईतल्या तेजाबाने हात भाजला तर आधी वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा, मग निघा.

कुठे न्यायचं? पहाडगंजहून लेडी हार्डिंग सगळ्यात जवळ आहे. बोट जोडण्याचा प्रश्न असेल तर जिथे प्लास्टिक सर्जरीचा विभाग आहे तिथे जावं लागतं; राममनोहर लोहिया, लोकनायक आणि सफदरजंग या तिन्ही सरकारी रुग्णालयांत तो आहे. 112 ला फोन करतानाच किंवा रिक्षात बसताना एका माणसाला पुढे चौकशीला लावा. वाटेतलं खासगी रुग्णालय 'पोलीस केस आहे, आधी पैसे भरा' म्हणालं तर लक्षात ठेवा: 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट केलं आहे की जखमी माणसाचा जीव वाचवणं हे सरकारी-खासगी प्रत्येक डॉक्टरचं पहिलं कर्तव्य आहे, कायद्याच्या औपचारिकता नंतर.

केसपेपरवर काय लिहिलं

आता मी ज्या जागी सगळ्यात जास्त वेळ थांबणार आहे तिथे आलो.

रुग्णालयाच्या खिडकीवर विचारतात, 'कसं झालं?' सोबत आलेला मुकादम किंवा शेठचा माणूस पटकन उत्तर देतो: घरी पडला, दारात बोट अडकलं, गाडीवरून घसरला. डॉक्टर तेच लिहितो. या एका ओळीने पुढची सगळी केस पोखरली जाते. दोन वर्षांनी मालकाचा वकील हाच कागद समोर ठेवतो आणि विचारतो, अपघात आमच्याकडे झालाच कुठे?

म्हणून जखमीच्या सोबत आपलं एक माणूस हवंच, आणि त्याने खिडकीवर स्वतः बोलायचं. जागेचा पत्ता, मालकाचं किंवा दुकानाचं नाव, कोणतं यंत्र, किती वाजता, कोणतं काम चालू होतं. ही इजा मेडिको-लीगल म्हणजे 'एमएलसी' म्हणून नोंदवायला सांगा आणि त्या नोंदीचा क्रमांक लिहून घ्या. उजवा हात की डावा, कोणतं बोट, कितव्या पेरापासून, हे कागदावर नीट आलं आहे ना ते पाहा. चुकीचं लिहिलं गेलं असेल तर त्याच दिवशी, डॉक्टर ड्युटीवर असतानाच, दुरुस्ती मागा. जखमी शुद्धीवर असेल तर त्याच्याच तोंडून सांगू द्या. त्याच्या शब्दाला वजन असतं.

एमएलसीची खबर पोलिसांकडे जाते. ठाण्यात जबाब देताना पुन्हा तेच, तसंच सांगायचं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 289 मध्ये यंत्राबाबतच्या निष्काळजीपणाचा गुन्हा आहे, आणि अवयव कायमचा गमावणं ही कायद्याने 'गंभीर दुखापत' आहे. मात्र एक गैरसमज दूर करतो: एफआयआर झाली नाही म्हणून भरपाई अडत नाही. ती दोन वेगळी दारं आहेत. पोलिसांनी टाळाटाळ केली तरी भरपाईचा दावा करता येतो.

त्याच दिवशी कुणीतरी यंत्राचे फोटो काढावेत. दुसऱ्या दिवशी यंत्रावर गार्ड बसलेला असतो, फरशी धुतलेली असते, आणि बाजूला काम करणारा मुलगा गावी गेलेला असतो. त्या मुलाचं पूर्ण नाव, गाव, फोन नंबर आजच लिहून ठेवा.

मग कामाचा पुरावा. पहाडगंज-नबी करीमच्या बहुतेक कामगारांकडे नेमणुकीचं पत्र नसतं, पगाराची पावती नसते. तरी पुरावा असतोच, तो गोळा करायला हवा. शेठने फोनवरून पाठवलेल्या पैशांची नोंद, हजेरीच्या वहीचा फोटो, कामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधले 'उद्या लवकर ये' असले संदेश, हॉटेलच्या गणवेशातला फोटो, गेटपास, मालाची चलनं. हे सगळं एका फोनमध्ये असेल तर दुसऱ्या फोनवरही पाठवून ठेवा. ग्रुपमधून काढून टाकायला वेळ लागत नाही.

ईएसआय आहे का, हे आधी पाहा

दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेत, महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला राज्य कर्मचारी विमा म्हणजे ईएसआय लागू होतो. मालक पगाराच्या 3.25 टक्के भरतो, कामगाराचे 0.75 टक्के कापले जातात. या योजनेमागे आपल्या दोन माणसांचं काम आहे, ते सांगायला मला आवडतं: प्रा. बी. पी. आडारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल 1944 मध्ये सरकारला दिला, तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. 24 फेब्रुवारी 1952 रोजी योजना सुरू झाली ती कानपूर आणि दिल्ली या दोनच शहरांत. देशात सगळ्यात आधी जिथे हा विमा आला, त्याच शहरात आजही हजारो हातांना त्याचं कार्ड मिळत नाही.

कामावरच्या इजेसाठी ईएसआयमध्ये वर्गणी किती महिने भरली याची अट नाही. पहिल्या दिवशी बोट गेलं तरी लाभ मिळतो. उपचार पूर्ण मोफत. बरं होईपर्यंत, इजा तीन दिवसांपेक्षा जास्त चालली तर, रोजच्या सरासरी वेतनाच्या सुमारे 90 टक्के रक्कम मिळते. त्यानंतर वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती टक्के गेली हे ठरवतं आणि त्या प्रमाणात दरमहा रक्कम आयुष्यभर मिळते. ढोबळ हिशेब सांगतो: महिना 18,000 पगार म्हणजे दिवसाला 600, त्याचे 90 टक्के 540. क्षमता 30 टक्के गेली असं ठरलं तर दिवसाला 162 रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे 4,860, जन्मभर. मंडळाची टक्केवारी कमी वाटली तर निर्णय मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत अपील करा. बरं होईपर्यंतचा तात्पुरता लाभ चालू असताना मालकाला त्या कामगाराला काढून टाकता येत नाही.

गुडगाव-मानेसर-फरीदाबादच्या वाहन-सुट्याभागांच्या पट्ट्यात 'सेफ इन इंडिया' ही संस्था अशाच हात-बोटं गमावलेल्या कामगारांसोबत काम करते आणि 'क्रश्ड' नावाचे अहवाल काढते. त्यातून पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट अशी, की सर्वात जास्त बोटं पॉवर प्रेसखाली जातात आणि कित्येकांना ईएसआयचं कार्ड अपघात झाल्यावरच मिळतं. पहाडगंजच्या गल्लीतही हेच होतं. सकाळी बोट गेलं, दुपारी ऑनलाइन नोंदणी, आणि कार्डावर नोकरीला लागल्याची तारीख आजची. कार्ड मिळालं म्हणून हायसं वाटतं, पण तारीख खोटी असेल तर तीही लेखी हरकत घेऊन खरी करून घ्या. वर्गणी न भरणं हा मालकाचा दोष आहे, त्याची शिक्षा कामगाराला नाही. विमा महामंडळ कामगाराला देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकतं. मालकाने अपघाताचा अहवाल भरला की नाही हे शाखा कार्यालयात जाऊन स्वतः विचारा. ईएसआयचा मोफत फोन 1800-11-2526.

ईएसआय नसेल तर

पाच माणसांचा कारखाना, गलाईचं दुकान, छोट्या हॉटेलचं स्वयंपाकघर. इथे ईएसआय नसतो आणि शेठ सांगतो, 'आमच्याकडे काही लागू होत नाही.' हे खरं नाही. 1923 पासून चालत आलेला कर्मचारी भरपाईचा कायदा अशा ठिकाणांना लागू आहे, माणसं किती यावर तो अवलंबून नाही. गॅस किंवा विजेवर चालणाऱ्या हॉटेलातले आचारीही त्यात येतात. आता हा कायदा आणि ईएसआयचा कायदा, दोन्ही सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये सामावले आहेत. ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आली. त्याआधीच्या अपघातांना जुना कायदा लागतो. हिशेबाची मूळ रीत दोन्हीकडे तीच आहे. फक्त जिथे ईएसआय लागू आहे तिथे हा दावा करता येत नाही, तिथे ईएसआयकडूनच घ्यायचं.

कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक अवयवाला टक्केवारी दिलेली आहे. एक हात मनगटापासून गेला तर 60 टक्के. पूर्ण अंगठा 30, अंगठ्याचं शेवटचं पेर 20. एका हाताची चारही बोटं 50, तीन बोटं 30, दोन बोटं 20. तर्जनी पूर्ण गेली तर 14, मधलं बोट 12, करंगळी किंवा अनामिका 7. दोन्ही हात गेले तर 100. बोट जागेवर आहे पण कायमचं निकामी झालं, वाकत नाही, पकडत नाही, तर ते गेलंच असं धरलं जातं. ही शेवटची ओळ फार लोकांना माहीत नसते.

हिशेब असा करतात: महिन्याच्या पगाराचे 60 टक्के, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा, आणि त्यातून इजेची टक्केवारी. वयाचा आकडा तिसाव्या वर्षी 207.98, चाळिसाव्या वर्षी 184.17. पगार कितीही असला तरी जानेवारी 2020 च्या अधिसूचनेने तो हिशेबात जास्तीत जास्त 15,000 धरला जातो. तीस वर्षांच्या कामगाराचा अंगठा गेला, तर 15,000 चे 60 टक्के 9,000, गुणिले 207.98 म्हणजे 18,71,820, त्याचे 30 टक्के 5,61,546 रुपये. उपचारांचा खर्च याशिवाय वेगळा, प्रत्यक्ष बिलांप्रमाणे. शेठ दवाखान्याचं बिल भरतो आणि वर वीस हजार देऊन 'सगळं केलं' म्हणतो, तेव्हा हा आकडा डोळ्यांसमोर ठेवा.

पगाराची पावती नाही आणि मालक म्हणतो आठ हजार देत होतो, तर दिल्लीचं किमान वेतन पुढे करा. ऑक्टोबर 2024 मध्ये ते अकुशल कामगारालाही 18,066 रुपये होतं. मालकाने त्याहून कमी दिलं तर तोच कायदा मोडतो. त्या कमी आकड्यावर भरपाई मोजू नका, असा आग्रह धरायचा. आणि इथे माझा राग लपवत नाही: राजधानीत अकुशल मजुराचं किमान वेतन 18,000 च्या वर असताना भरपाईसाठी पगार 15,000 च्या वर मोजायचा नाही, ही मर्यादा अन्यायकारक आहे. हातावर पोट असलेल्या माणसाच्या हाताची किंमत सरकारच स्वतःच्या किमान वेतनापेक्षा कमी धरतं. ती वाढवून घ्यायला संघटनांनी, आणि इथल्या मराठी मंडळांनीही, आवाज उठवायला हवा.

परिशिष्टातली टक्केवारी म्हणजे तळ आहे, छत नाही. ओडिशातल्या जयपूर गावी 6 जुलै 1968 रोजी एका सिनेमागृहात नक्षीकाम करणारा सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मालक म्हणाला, हा आमचा कामगारच नव्हता, आणि चूकही त्याचीच होती. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत आला. प्रताप नारायण सिंह देव या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या निकालात न्यायालयाने म्हटलं, सुतार एका हाताने सुतारकाम करू शकत नाही, म्हणून त्याची कमाईची क्षमता शंभर टक्के गेली. त्याच निकालाने हेही ठरवलं की भरपाई देणं लागतं ते अपघात झाला त्या दिवसापासून, भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्ताने आदेश दिल्यापासून नाही. त्या सुताराला 9,800 रुपये, त्यावर पन्नास टक्के दंड आणि व्याज मिळालं. ही रक्कम आज लहान वाटेल, पण या निकालाच्या आधारावर देशभर असंख्य कामगारांना परिशिष्टाहून जास्त मिळालं आहे. गलाईच्या कारागिराचा अंगठा आणि तर्जनी गेली, तर पकडच राहत नाही. त्याने 'मी माझं काम करू शकतो का' हा प्रश्न डॉक्टरांकडून लेखी उत्तर घेऊन मांडावा.

'चूक त्याचीच होती' हे मालकाचं पहिलं वाक्य असतं. कायद्यात नुसत्या हलगर्जीपणाने हक्क जात नाही. दारू प्यायलेली असणं, किंवा सुरक्षेसाठी लावलेलं साधन मुद्दाम काढणं असे मोजके अपवाद आहेत, आणि मृत्यू किंवा शंभर टक्के अपंगत्व असेल तर तेही लागू होत नाहीत. गार्ड मुळात लावलाच नसेल तर तो काढला कुणी?

'मी तर ठेकेदाराचा माणूस' म्हणून थांबू नका. काम ज्याच्या धंद्यासाठी, ज्याच्या जागेत चालू होतं, तो मूळ मालक भरपाईला जबाबदार असतो. ठेकेदाराकडून वसुली करायची ती त्याने नंतर करावी. अठरा वर्षांखालचा मुलगा कामाला होता म्हणून त्याचा हक्कही जात नाही. मालक भितो ते वेगळ्या कारणाने, आणि त्या भीतीपोटी मुलाला रातोरात गावी पाठवलं जातं. त्याच्या आईवडिलांनी दावा करायचा.

एका महिन्यात मालकाने पैसे दिले नाहीत तर थकलेल्या रकमेवर वर्षाला 12 टक्के व्याज, आणि पटण्यासारखं कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो. दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत करायचा. आणि आपल्या लोकांसाठी सगळ्यात उपयोगाची गोष्ट: अपघात जिथे झाला तिथेच दावा करायला हवा असं नाही, कामगार जिथे राहतो तिथेही करता येतो. हात गमावून जो मुलगा आटपाडीला परतला, त्याला तारखांसाठी दिल्लीच्या गाडीत बसायची गरज नाही. सांगलीच्या अधिकाऱ्याकडे तो अर्ज देऊ शकतो.

वकील परवडत नाही म्हणून मागे हटू नका. विधी सेवा प्राधिकरणांच्या 1987 च्या कायद्यात औद्योगिक कामगार, स्त्रिया, अपंग, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फोन 15100. दिल्लीत तीस हजारी न्यायालयाच्या आवारात कार्यालय आहे. 'जेवढं मिळेल त्यातलं निम्मं माझं' म्हणणाऱ्या दलालांपासून लांब राहा.

सही

शेठ वाईटच असतो असं मी म्हणत नाही. कित्येक शेठ त्याच गावचे, नात्यातले असतात, आणि तेच अवघड जातं. रुग्णालयातून घरी आल्यावर ते स्टॅम्पपेपर घेऊन येतात, 'गावचं प्रकरण गावात मिटवू' म्हणतात. कोऱ्या कागदावर किंवा न वाचता येणाऱ्या कागदावर सही, अंगठा, काही करू नका. ज्याने एक हात गमावला त्याचा दुसरा अंगठा शाईत बुडवून घेतला जातो, हे लिहितानाही वाईट वाटतं. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दच असतो, आणि तडजोडीचा करार सरकारी अधिकाऱ्याकडे नोंदवावा लागतो; रक्कम फारच कमी असेल तर तो नोंदवायला नकारही देऊ शकतो. म्हणून सही आधीच झाली असेल तरी दावा करा. शेठने दिलेले पैसे घ्यायला हरकत नाही, पण कशासाठी घेतले ते लिहून घ्या आणि बँकेतून घ्या.

त्यानंतरचा हात

टाके निघाल्यावर लोक उपचार संपले असं समजतात. हाताच्या बाबतीत खरं काम तेव्हा सुरू होतं. व्यायाम वेळेवर न केल्याने उरलेली चांगली बोटंही आखडतात. विष्णू दिगंबर मार्गावरची पंडित दीनदयाळ उपाध्याय राष्ट्रीय संस्था पहाडगंजहून जवळच आहे. तिथे व्यायामोपचार, हाताचं प्रशिक्षण आणि कृत्रिम अवयवांचं काम होतं. बोट जोडलेलं असेल तर बिडी, सिगारेट, तंबाखू पूर्ण बंद. त्याने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जोडलेलं बोट काळं पडतं. नसलेल्या बोटात ठणका जाणवणं हा वेडेपणा नाही, तो आजार आहे आणि त्यावर औषध आहे.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि युनिक कार्ड वेगळं काढा. त्यावरची टक्केवारी आणि भरपाईची टक्केवारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकावरून दुसरीचा निर्णय होत नाही. सवलतींसाठी साधारण 40 टक्के लागतात. बँकेच्या पासबुकात वर्षाला 20 रुपये प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे कापले गेले असतील तर तेही पाहा: एक हात पूर्ण गेला तर एक लाख मिळतात. 20 रुपये कापले जातात हे घरात कुणाला ठाऊकही नसतं.

ओळखीत कुणाचा हात कामावर गेला असेल आणि अपघाताला अजून दोन वर्षं झाली नसतील, तर आजच त्याला फोन करा, अपघाताची तारीख विचारा आणि केसपेपरवर काय लिहिलं आहे ते वाचून दाखवायला सांगा.